दुसरीची वही कोरी राहते तेव्हा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर आईबापांनाही संदर्भ लागेल. मुलगा दुसरीत, मराठी माध्यमात, घर नागपुरात, सक्करदऱ्याला. शाळेतून निरोप येतो की चिंचोके पाठवा, खराट्याच्या काड्या पाठवा, काडेपेटीची रिकामी खोकी पाठवा. वही उघडली तर आठवड्यात दोन पानं भरलेली. शेजारच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलीच्या मात्र चार वह्या संपल्या. घरी सासूबाई म्हणतात, ‘पोट्टं शाळेत शिकाले जाते का खेळाले?’ तुम्ही कामावरून सातला घरी येता. या कृतींतून खरंच काही शिकणं होतं का, घरी काय करायचं आणि ट्यूशन लावायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग घेतले, त्यातले बहुतेक नागपुरात आणि आसपासच्या तालुक्यांत. वही कोरी असणं हा काही आजार नव्हे. दुसरीच्या मुलाचं शिकणं आधी हातात येतं, मग तोंडात, आणि कागदावर सगळ्यात शेवटी. मधली पायरी, म्हणजे तोंडाची, शाळेत पुरेशी होत नाही. एका बाईसमोर तीस-पस्तीस मुलं असतात, प्रत्येकाचं बोलणं ऐकायला तास कसा पुरणार? ती पायरी घरी होऊ शकते. तुमच्याकडून मला एवढंच हवंय. दुसरी शाळा घरात भरवू नका.

काड्यांचंच घेऊ. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगते. तास वाचावा म्हणून मी रात्री घरी बसून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे रबर लावून तयार ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दाखवून विचारलं, किती? पुढच्या रांगेतला एक मुलगा खणखणीत आवाजात म्हणाला, पाच. त्याचं काय चुकलं? त्याला दोन जाड वस्तू दिसल्या, तीन बारीक दिसल्या, एकूण पाच. त्या जाड वस्तूत दहा आहेत हे मला ठाऊक होतं, कारण बांधले मी होते. त्यानंतर मी कधी गठ्ठे बांधून नेले नाहीत. मुलांनी स्वतः मोजायचं, नऊवर थांबून ‘अजून एक पाहिजे’ म्हणायचं, आणि दहा झाले की रबर चढवायचं. अर्धा तास जातो, रबर तुटतात, दोघांची भांडणं होतात. वहीत त्या दिवशी काही नसतं. पण दशक नावाची गोष्ट त्याच अर्ध्या तासात कळते, फळ्यावर ‘द’ आणि ‘ए’ असे दोन रकाने आखून कळत नाही.

याचा पुरावा वजाबाकीत मिळतो. ४२ वजा १७ घाला. नुसत्या वहीवर तयार झालेली पुष्कळ मुलं ३५ लिहितात, कारण सातातून दोन जातात, दोनातून सात जात नाहीत, मग जे जातं ते केलं. ज्यानं काड्या हाताळल्यात तो काय करतो बघा: चार गठ्ठे, दोन सुट्या, सात द्यायच्यात, दोनच आहेत, मग एका गठ्ठ्याचं रबर काढतो. झाल्या बारा सुट्या. हातचा म्हणजे काय, हे त्याला सांगावंच लागत नाही.

आता घरी हे कसं आणायचं? काड्या मोजायला लावू नका, तो कंटाळेल. किराणा आणायला सोबत न्या. आपल्या भाषेनंच अर्धं काम करून ठेवलंय: गठ्ठा मोडतात तशी नोटही मोडतात, काड्या सुट्या तसे पैसेही सुटे. दहाच्या चार नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात ठेवा आणि सतरा रुपयांची वस्तू घ्यायला सांगा. दुकानदार परत किती देईल ते आधी त्यानं सांगायचं. चुकलं तर तुम्ही उत्तर सांगू नका, चिल्लर त्याच्या हातावर येईल तेव्हा त्याचं त्यालाच कळेल. हल्ली सगळे मोबाइलनं पैसे देतात. त्यामुळे मुलांच्या हातात नाणं पडतच नाही आणि वर्गात खेळातल्या नोटा वाटल्या की त्यांना त्या खरोखर खेळण्यातल्याच वाटतात. आठवड्यातून एकदा तरी रोख द्या.

एक अडचण मात्र मुलाची नाही, आपल्या संख्यानामांची आहे. ‘चोवीस’ म्हणताना आधी चार ऐकू येतो आणि मग वीस, पण लिहिताना आधी दोन. म्हणून मूल ४२ लिहितं. ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटली. त्यात ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक उणा, तीच तऱ्हा एकोणनव्वदपर्यंत, आणि नव्याण्णवला अचानक पद्धत बदलते! नागपुरात भर म्हणजे गल्लीत हिंदी ‘पच्चीस’, घरी ‘पंचवीस’, शेजारच्या मुलीकडून ‘ट्वेंटी फाइव्ह’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. लोकांनी टर उडवली, ‘त्रेपन्न’ शब्द मराठीतून हद्दपार होणार म्हणून ओरड झाली. वर्गात उभं राहणाऱ्या माझ्यासारखीला त्यातलं म्हणणं पटलं होतं, आजही पटतं. आपल्या शेजारची तेलुगू आधी वीस म्हणते, मग एक. मुलाला ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ असं दोन्ही एका दमात म्हणू द्या. शब्द कुठे पळून जात नाही आणि अंकांची अदलाबदल महिनाभरात कमी होते. अशी अदलाबदल केली म्हणून त्याला ‘ढ’ म्हणू नका, आणि लगेच काही दोष आहे असं समजून डॉक्टरही शोधू नका. दुसरीत हे सर्रास होतं.

संत्र्याचं सांगायलाच हवं, नागपूरकरांना सांगितल्याशिवाय राहवत नाही. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या मागेपुढे येतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर, म्हणजे शाळेच्या वर्षात दोनदा संत्री घरात असतात. सोलण्याआधी आत किती फोडी असतील ते प्रत्येकानं सांगायचं, कुठेतरी लिहून ठेवायचं, मग सोलून मोजायचं. कोण जवळ गेलं? किती कमी पडल्या, किती जास्त झाल्या? पाच मिनिटांत अंदाज, मोजणी आणि वजाबाकी तिन्ही होतं, आणि शेवटी खायला मिळतं. पण अर्धा आणि पाव शिकवायला संत्रं घेऊ नका. फोडी सारख्या नसतात, आणि अपूर्णांकाचा जीवच ‘सारखे भाग’ यात आहे. त्यासाठी पोळी. सुरी मुलाच्या हातात नको, घडी घालून तोडू द्या.

भाषेकडे येते. मी मूळची साताऱ्याकडची, लग्न होऊन इकडे आले. पहिल्याच वर्षी वर्गात पालेभाज्यांची ओळख घ्यायची होती, म्हणून मुलांना सांगितलं, उद्या थोडी कोथिंबीर आणा. दुसऱ्या दिवशी पालक आला, मेथी आली, कोथिंबीर एकानंही आणली नाही. मी रागावले. मग मीच बाजारातून आणलेली जुडी दाखवली तर सगळा वर्ग ओरडला, ‘बाई, हा तर सांभार आहे!’ माझ्या लेखी सांभार म्हणजे इडलीसोबतचं. त्या दिवशी अडाणी कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. तुमचा मुलगा घरी आलू, फल्ली, सांभार, मले-तुले बोलतो आणि पुस्तकात बटाटा, शेंग, कोथिंबीर, मला-तुला असतं. चित्र दाखवल्यावर तो गप्प बसला तर त्याला वस्तू माहीत नाही असं नसतं. पुष्कळदा आपला शब्द इथे चालणार नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. अशी गप्प झालेली मुलं मग वाचनातही मागे पडतात. म्हणून घरी त्याची बोली सुधारायला बसू नका. सासूबाईंनाही सांगा, त्या बोलतात तसंच बोलू दे. पुस्तकातला शब्द शेजारी आणून ठेवायचा: ‘आपण आलू म्हणतो, पुस्तकात बटाटा लिहिलंय.’ इतकं पुरतं.

आणि रोज एक वाक्य. सातला घरी आल्यावर कुकर लावता लावता विचारा, आज शाळेत काय केलं? ‘काही नाही’ हेच उत्तर येईल, सगळ्या मुलांचं तेच येतं. म्हणून प्रश्न बदला: चिंचोके कशाला मागवले होते? तुझ्या जोडीला कोण होतं? कोणाचं चुकलं? तो जे एक वाक्य बोलेल ते जुन्या वहीत ठळक अक्षरात, तो बोलला तसंच लिहा. ‘आज मले एकवीस चिंचोके भेटले.’ हो, ‘मले’ आणि ‘भेटले’ तसंच. मग त्याला वाचायला द्या. स्वतःचं वाक्य मूल अडखळत का होईना वाचतं, कारण पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि अक्षर नि आवाज यांची गाठ तिथे पक्की बसते. माझ्या काही सहकाऱ्यांना हे अजिबात मान्य नव्हतं, अशुद्ध लिहिलेलं मुलाच्या डोळ्यासमोर येऊच नये म्हणायचे. माझा अनुभव असा की वाचता यायला लागलं की पुस्तकी मराठी आपोआप पाठोपाठ येते. उलटं मात्र होत नाही. ह्रस्व-दीर्घासाठी तर दुसरीत अजिबात भांडू नका.

जोडाक्षरं ही दुसरीची खरी चढण. त्यातही ‘र’ म्हणजे बहुरूपी. ‘प्र’मध्ये तो खाली तिरका लटकतो, ‘ट्र’मध्ये खाली छत्रीसारखा बसतो, ‘र्स’मध्ये डोक्यावर रफार होऊन जातो आणि ‘ऱ्य’मध्ये अर्ध्या चंद्रासारखा चिकटतो. वहीत दहा-दहा वेळा लिहून हे बसत नाही, रस्त्यावर बसतं. दुकानाच्या पाटीवरचा ‘ट्रेडर्स’ हा एकच शब्द बघा, दोन प्रकारचे ‘र’ एकाच ठिकाणी! ‘प्रोव्हिजन’मध्ये तिसरा. चौथा तर तुमच्या पत्त्यातच आहे: राहता सक्करदऱ्याला. गाडीवर मागे बसून जाताना त्यानं ‘र’ पकडायचे, तुम्ही मोजायचे. मेट्रोनं जात असाल तर स्टेशनांच्या पाट्या मोठ्या, स्वच्छ आणि देवनागरीतही असतात. प्रजापती नगराच्या बाजूला गेलात तर एक ‘र’ आयता सापडतो.

आता थोडं कडू. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, शाळेत लाकडी नंदी सजवून आणायला सांगतात. मी वर्षानुवर्षं बघितलं: महालच्या बाजारातून तयार झूल आणलेली, शिंगांना चमकी, पाठीवर देखावा, आणि पोराला विचारलं ‘हे कसं केलं?’ तर ते आईकडे बघतं. एकदा एका मुलीनं वर्तमानपत्राची झूल आणली होती, गव्हाच्या खळीनं चिकटवलेली, एका बाजूला लोंबणारी. तिला विचारलं तर पाच मिनिटं बोलत होती: आधी झूल आखूड पडली, मग दोन कागद जोडले, मग खळ पातळ झाली म्हणून पीठ वाढवलं. मोजमाप, कारण, क्रम, सगळं त्या पाच मिनिटांत आलं. बक्षीस मात्र परीक्षक पाहुण्यांनी दुसऱ्याच नंदीला दिलं, आणि मी काही बोलले नाही. ते अजून सलतं. तुम्ही मुलाच्या कृतीला हात लावू नका. वेडंवाकडं झालं तर वेडंवाकडं पाठवा. शाळेनं नावं ठेवली तर मुख्याध्यापकांकडे जाऊन सांगा की हे माझ्या मुलानं केलंय.

सगळ्या शाळांतल्या सगळ्या कृती चांगल्याच असतात, असं म्हणायला मी काही खात्याची वकील नाही. अर्धा तास छापील चित्रात रंग भरणं, टीव्हीवर गाण्याची चित्रफीत लावून टाळ्या वाजवणं, एकानं करायचं आणि एकोणतीस जणांनी बघायचं, यालाही वेळापत्रकात ‘कृती’ म्हणतात. ओळखायचं कसं? वस्तू प्रत्येक मुलाच्या हातात गेली का, आणि ‘कसं केलंस?’ असं कोणी विचारलं का. पुढच्या पालकसभेत ‘वही का भरत नाही?’ असं विचारू नका, बाई बिचाऱ्या घाबरून उद्यापासून फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावतील आणि दोघांचंही नुकसान होईल. विचारा, ‘चिंचोक्यांच्या तासाला माझा मुलगा कुठे अडला?’ ज्या बाईंनी खरंच कृती घेतली, त्या लगेच सांगतील.

लेखी गृहपाठ येत नाही म्हणूनही काळजी नको. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीलाही आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. मुलगा कुठवर यायला हवा, याचा अंदाज हवा असेल तर २०२१ च्या जुलैत सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाची उद्दिष्टं बघा: दुसरी संपताना मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ कळून वाचता यावेत, ९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात, ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी यावी. हे वर्षअखेरचं आहे, दिवाळीचं नव्हे. आणि कृपा करून मोबाइलवर सेकंद लावून वाचून घेऊ नका. मराठीत ‘सक्करदऱ्याला’ हा एकच शब्द असतो, त्याला जरा वेळ लागणारच.

मी काळजी कधी करीन ते सांगते. दिवाळीनंतरही काना-मात्रा नसलेले ‘कमळ’, ‘बदक’सारखे शब्द वाचता येत नसतील. वीस वस्तू मोजताना बोट एका वस्तूवर आणि तोंड तिसऱ्या संख्येवर जात असेल. किंवा आधी बडबडणारं मूल शाळेचं नाव काढताच गप्प होत असेल. त्यातही आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारी मुलं मी ‘लक्ष नाही’ म्हणून रागावलेली आहे, नंतर चष्मा लागला आणि मला तोंड लपवावं लागलं.

ट्यूशन? आत्ता नको. गल्लीतल्या ट्यूशनला पहिलीपासून सातवीपर्यंतची पोरं एका सतरंजीवर बसतात आणि दुसरीवाल्याच्या वाट्याला येतं ते पाढे दहा वेळा लिहिणं. पाठांतराला माझा विरोध नाही. ‘बे दुणे चार’ ठेक्यात म्हणण्याची मजा आहे आणि पाढा पाठ असलेला पुढे उपयोगीच पडतो. फक्त आधी चार चिंचोक्यांच्या तीन ओळी मांडून ‘चार त्रिक बारा’ डोळ्यांनी दिसू द्या, मग म्हणा. त्याला पैसे लागत नाहीत.

आणि सासूबाई. त्यांचा राग मला समजतो, त्यांच्या वेळी शाळा म्हणजे पाटी आणि छडी. पण घरात दिवसभर मुलासोबत त्याच असतात, तेव्हा तुमच्या पंधरा मिनिटांपेक्षा त्यांचे दोन तास मोलाचे. शाळेसाठी चिंचोके गोळा कराल तेव्हा दोन बाजूला काढा, मधून फोडून चार फाका करा आणि त्यांना विचारा, अष्टचंग कसं खेळायचं? पाच बाय पाचचा पट त्यांना खडूनं आखता येत असणार. चारही पांढरे पडले तर चंग, चार. चारही काळे पडले तर अष्ट, आठ. सोंगटी पुढे न्यायला तो आधी एकेक घर बोटानं मोजेल. आठ-दहा डावांनंतर एका नजरेत ‘तीन’ म्हणेल, थेट तिसऱ्या घरावर ठेवेल, आणि आजीची सोंगटी मारायला अजून किती पाहिजेत ते मनातल्या मनात काढायला लागेल. तोवर त्या दोघांना मध्ये बोलवू नका, जेवायला थोडा उशीर झाला तरी चालेल.